मोटारीच्या ब्रेकची नळी: रबरापासून पोलादी वेणीपर्यंत

सुरतेहून धुळ्याकडे निघालेली मोटार नवापूर ओलांडून चिंचपाड्याच्या परिसरात येते, तेव्हा चालकाला ब्रेकची फारशी आठवण होत नाही. पुढे विसरवाडी मागे पडली की कोंडाईबारीचा घाट लागतो. जाताना तो चढ असतो व परीक्षा इंजिनाची होते. परंतु धुळ्याहून परतताना तोच घाट उतरावयाचा असतो, आणि त्या वेळी सारा भरवसा ठेवावा लागतो तो करंगळीएवढ्या जाडीच्या काही नळ्यांवर. उतारावर गाडी हाताबाहेर गेली की दुसऱ्या दिवशी ‘ब्रेक निकामी झाले’ एवढे तीन शब्द छापून येतात. या तीन शब्दांत वस्तुतः निरनिराळ्या प्रकारचे घात दडलेले असतात, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. अलीकडे हौशी मोटारमालक रबरी नळ्या काढून पोलादी तारेच्या वेणीत गुंफलेल्या नळ्या बसवितात. तो उपाय नेमका कोणत्या घातावर आहे, हे त्या नळीच्या इतिहासावरूनच चांगले कळते.

चिंचपाड्यास ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गावरील स्थानक आहे. भारतीय रेल्वेच्या गाड्या दीर्घकाळ निर्वात ब्रेकवर चालत आणि दोन डब्यांच्या मध्ये जाड रबरी नळ्या लोंबत असत. त्या नळीतून हवा ओढून घेतली जाई. म्हणून भय होते ते नळी आत चेपली जाण्याचे, आणि त्यासाठी तिच्या पोटात तारेचे वेटोळे घालीत. मोटारीच्या नळीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे आतून द्रवाचा दाब येतो व भय असते ते फुगण्याचे. म्हणून तिला आवळणारे बंधन भिंतीच्या आत किंवा बाहेरून असावे लागते. रबर तेच, पण त्याचे वैगुण्य जागेप्रमाणे पालटते.

आरंभीच्या मोटारींत नळीच नव्हती. पायाचा जोर सळया आणि तारा यांच्या द्वारे चाकापर्यंत जाई. चारही चाकांच्या सळया सारख्या ताणून ठेवणे हे मेस्त्रींचे न संपणारे काम होते. एक जरी सैल पडली तरी ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढली जाई. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा सिद्धान्त पास्कलने सतराव्या शतकातच मांडला होता. त्याचा मोटारीस उपयोग करून देणारा मनुष्य मात्र विमानांच्या धंद्यातून आला. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने आपला भाऊ ॲलन याच्यासह १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोस एक विमान उडविले होते. त्यानेच १९१७ साली द्रवचालित ब्रेकचे पेटंट मिळविले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत हे ब्रेक चारही चाकांना लागले आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणले. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी गळणाऱ्या जुन्या वाट्यांच्या जागी रबरी वाट्या बसविल्या, तेव्हाच ही योजना खऱ्या अर्थाने विश्वासार्ह झाली. हेन्री फोर्ड मात्र १९३९ पर्यंत बधला नाही. पायापासून चाकापर्यंत पोलादच पोलाद, अशी ग्वाही त्याच्या जाहिराती देत असत. ग्राहकालाही तेलाने भरलेल्या नळीपेक्षा पोलादी सळईच भरवशाची वाटत असावी, यात नवल नाही.

भारतात मोटारी जोडण्याचा मोठा उद्योग सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापून उभारला. तोवर द्रवचालित ब्रेक सर्वमान्य झालेले होते. ज्या पद्मिनी गाड्या मुंबईच्या टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावल्या, त्यांच्या चारही चाकांत याच तत्त्वाचे ब्रेक होते.

आता नळीकडे वळू. गाडीच्या सांगाड्याला चिकटून जाणारा भाग धातूचा असतो. तो हलत नाही, म्हणून टिकतो. चाक मात्र वरखाली होते व पुढची चाके वळतातही. तेथे शेवटचा वीतभर भाग लवचिक ठेवणे भाग पडते. त्या वीतभर रबरावर पडणारा भार कल्पनेपेक्षा मोठा आहे. पायाने पेडलवर ३० किलोग्रॅम जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट केला, तर दट्ट्यावर १५० किलोग्रॅम येतात. दट्ट्याचा व्यास १९ मिलिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोग्रॅमहून अधिक दाब होतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब दोन-सव्वादोन किलोग्रॅम असतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अशा दाबाखाली साऱ्या नळ्या मिळून केवळ एक घन सेंटिमीटर फुगल्या, तरी त्याच मापाने पेडल जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर अधिक खाली जाते. जुनी नळी फुगते म्हणून पाय मऊ गादीवर पडल्यासारखा वाटतो, तो यामुळे.

पोलादी वेणी आली ती येथे. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने न गंजणारे पोलाद सिद्ध केले. १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनज्ञाला अपघातानेच एक पांढरी, मेणचट भुकटी सापडली. पुढे तीच टेफ्लॉन म्हणून घरोघरच्या तव्यांवर पोहोचली. टेफ्लॉनची आतली नळी आणि तिच्यावर बारीक पोलादी तारांची घट्ट वेणी, ही जोडी प्रथम विमानांत, मग शर्यतीच्या गाड्यांत आणि अखेरीस घरच्या मोटारींत आली. वेणीच्या तारा नळीच्या अक्षाशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतील अशा गुंफल्या, तर दाबाखाली नळी लांबतही नाही व आखडतही नाही. विणकराच्या हातातले हे गणित मोठे सुरेख आहे.

तथापि या वेणीचे दोषही तिच्याबरोबरच येतात. टेफ्लॉन रबराइतके वाकत नाही. आखूड नळी बसविली तर चाक पूर्ण वळताच ती टोकाशी मोडते. म्हणून माप घ्यावयाचे ते चाक लोंबते ठेवून व दोन्हीकडे पूर्ण वळवून. तारांच्या फटींत खानदेशची धूळ शिरली की तीच कानशीसारखी आतली नळी घासू लागते. यासाठी चांगल्या नळीवर प्लास्टिकचे आवरण असते. रबराच्या भेगा डोळ्यांना दिसतात, वेणीखालची इजा दिसत नाही. अमेरिकेच्या नियमांत नळीला ३५ तास फटकारत ठेवण्याची कसोटी आहे. अशी कोणतीही कसोटी न दिलेली चकचकीत नळी जुन्या रबरापेक्षा बरी म्हणता येत नाही.

नळी फुटण्यावरचा खरा उपाय वेणीत नाहीच. पूर्वी चारही चाकांना एकच तेलमार्ग असे आणि एक नळी फुटली की चारही ब्रेक जात. १९६२ साली कॅडिलॅकने तेलमार्ग दुहेरी केला, तेव्हापासून अर्धे ब्रेक तरी शिल्लक राहू लागले. ही सुधारणा दिसत नाही, म्हणून तिचे कौतुक कोणी करीत नाही.

आणि घाटातला घात तर बहुधा उष्णतेचा असतो. एक टन वजनाची मोटार ३०० मीटर उंची केवळ ब्रेकच्या आधाराने उतरली, तर वारा व टायर यांचा वाटा सोडता, सुमारे १० लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता ब्रेकमध्ये साठते. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. डॉट ३ या प्रतीचे ताजे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पण त्यात शेकडा ३.७ भाग पाणी मुरले, की १४० अंशांच्या वर त्याची हमी उरत नाही. उकळलेल्या तेलाची वाफ झाली की वाफ दबते, पाय तळाला टेकतो आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. त्या क्षणी नळी रबराची आहे की पोलादी वेणीची, याने तिळमात्र फरक पडत नाही. त्या प्रसंगी उपयोगी पडते ते दर दोन वर्षांनी बदललेले तेल, आणि दहिवेलकडून येताना घाटाच्या माथ्यावरच टाकलेला खालचा गिअर.