चार चाकांचा समतोल

मोटारीच्या इतिहासावर लिहिणारे बहुधा वेगाचेच पोवाडे गातात. धावणारी गाडी कोणी आणि कशी थांबवली, ही हकीकत मात्र कोपऱ्यात पडून राहते. मला त्या कोपऱ्यातच अधिक रस वाटत आला आहे. कारण माणसांचे प्राण ज्यावर अवलंबून, ती गोष्ट तेथे आहे.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ ही जर्मन बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. अंतर शंभरावर किलोमीटर. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या एका जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. ब्रेकचे पहिले लायनिंग म्हणतात ते हेच.

पुढे तीसेक वर्षे बहुतेक गाड्यांना ब्रेक मागच्या चाकांनाच असत. पुढची चाके जाम झाली तर गाडी वळणार नाही, कदाचित उलटेल, ही लोकांना धास्ती. १९२३ साली अमेरिकेत रिकनबॅकर कंपनीने चारही चाकांना ब्रेक दिले, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी ते धोक्याचे असल्याचा गिल्ला केला. यात धंद्याचा मत्सर होताच, पण धास्ती अगदीच निराधार नव्हती. त्या काळी ब्रेक सळ्यांनी आणि तारांनी ओढले जात. एक तार सैल, दुसरी ताठ, असे झाले की गाडी एका बाजूला खेचली जाई.

येथे थोडे गणित केले पाहिजे. एक हजार किलोची गाडी घ्या. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर. उभी असता भार पुढे-मागे ५००-५०० किलो. जोराचा ब्रेक लागला की सुमारे १६० किलो भार पुढे सरकतो. पुढे ६६० होतात, मागे ३४० उरतात. म्हणजे मागचे टायर पुढच्यांच्या जवळजवळ निम्मेच काम करू शकतात. दोन्हींकडे सारखाच ब्रेक लावला, तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. पुढची आधी जाम झाली, तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ तरी जाते. दोन संकटांपैकी हे धाकटे. म्हणून ब्रेकचा वाटा पुढे किंचित झुकता ठेवतात.

हा वाटा नेमका करणे द्रवाच्या दाबाने सुकर झाले. १९२१ साली ल मां येथे जिमी मर्फीने फ्रेंच ग्रां प्री जिंकली, त्या ड्यूसेनबर्ग गाडीला असेच ब्रेक होते. नळ्यांतल्या द्रवाचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून डावे-उजवे भांडण मिटले. सिलिंडर लहानमोठे करून पुढचा-मागचा वाटाही ठरवता आला.

१९५३ साली त्याच गावी रोल्ट व हॅमिल्टन यांनी डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने चोवीस तासांची शर्यत जिंकली. ड्रम तापला की पकड ढिली होते. डिस्क उघड्या हवेत निवते. पण ड्रमचे फिरणेच त्याच्या शूला आत ओढून जोर वाढवते. डिस्कला ती मदत नाही, म्हणून दाब अधिक लागतो. जुना हिशेब येथे मोडला. १९५५ च्या सिट्रोएन डीएसने पुढे डिस्क दिले, आणि मागच्या भाराप्रमाणे मागचा दाब बदलण्याची सोयही दिली. मला या गाडीचे मोठेपण त्या दुसऱ्या सोयीत दिसते.

आज जुन्या गाड्यांना हौसेने डिस्क बसवून घेणारे गृहस्थ मी पाहतो. पुढे मोठी डिस्क येते, पण मास्टर सिलिंडर जुनाच राहतो आणि मागचा दाब कोणी मोजत नाही. मग पॅडल दगडासारखे लागते, किंवा पावसात मागचे चाक आधी जाम होते. शेवटी गाडी थांबवतात ते टायर. त्यांची पकड संपली की ब्रेक कितीही जबर असो, व्यर्थ.

१९७८ पासून चाक जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीजमध्ये आली आणि पुढे सर्वत्र पसरली. तीही जोर वाढवीत नाही. प्रत्येक चाकाला झेपेल तेवढाच देते. १९२३ च्या वादात घाबरणारे आणि आग्रह धरणारे, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते: ब्रेक चारही चाकांना हवेत, आणि प्रत्येकाला त्याच्या भाराइतकेच हवेत.