परसातील साठवणखोली : पायाची निवड मातीवरून

शहापूर, वडगाव परिसरातील अनेक घरांच्या परसात पत्र्याची छोटी खोली असते. भाताचे बियाणे, खताची पोती, शेतीची अवजारे, मागाचे सुटे भाग तिथे ठेवले जातात. छप्पर आणि दार यांवर खर्च करताना पायाकडे मात्र दुर्लक्ष होते. परिणामी दोन-तीन पावसाळ्यांत फरशी उचलली जाते, दार अडकते आणि पोत्यांना खालून ओल लागते.

याचे मूळ मातीत आहे. बेळगावच्या पश्चिमेस, खानापूरकडे व पुढे गोव्यात तांबडी, जांभ्याची जमीन आढळते. ती पाणी झिरपू देते आणि फारशी फुगत नाही. येळ्ळूर रस्ता व बळ्ळारी नाल्याकडील शिवारात मात्र काळी चिकण माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. हलक्या बांधकामास हा धोका अधिक. कारण माती फुगताना तिला दाबून धरण्याइतके वजन त्याच्यात नसते.

काम सुरू करण्यापूर्वी दोन फूट खोल खड्डा घेऊन माती पाहावी. ओली माती हातावर वळून बारीक, न तुटणारी वळी होत असेल, तर ती चिकण समजावी.

जांभ्याच्या घट्ट जमिनीवर छोट्या, हलक्या खोलीस वरची सैल माती काढून, मुरूम धुमसून, त्यावर चिरे किंवा सिमेंटचे ठोकळे मांडले तरी चालते. मात्र वाऱ्याने पत्रा उचलला जाऊ नये म्हणून खांब काँक्रीटमध्ये रोवावेत.

जड सामान ठेवायचे असल्यास काँक्रीटचा थर योग्य. सहा इंच मुरूम, त्यावर जाड प्लास्टिक आणि वर चार इंच काँक्रीट असा क्रम ठेवावा. दहा बाय आठ फुटांच्या खोलीस सुमारे २७ घनफूट काँक्रीट लागते. एकास दीडास तीन या प्रमाणात त्याला साधारण सहा पोती सिमेंट पुरते. त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे.

काळ्या मातीत थेट काँक्रीट ओतू नये. दीड ते दोन फूट माती काढून तिथे न फुगणारा, चिकटपणा असलेला मुरूम थराथराने धुमसावा. हा भराव भिंतीबाहेरही दोन फूट न्यावा. वाळूचा भराव टाळावा. वाळूत पाणी साठून खालची माती अधिक फुगते. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मातीचा थर देण्याचे तंत्र आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केले आणि ते कालव्यांच्या कामात वापरले गेले. पक्क्या भिंतींची मोठी खोली बांधायची असल्यास मात्र अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

जोत्याची उंची हा शेवटचा, पण निर्णायक मुद्दा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आपल्या परसात पाणी कुठवर चढले होते, ती खूण शेजाऱ्यांना विचारावी आणि जोते तिच्यावर घ्यावे. छपराचे पाणी पन्हळीने दूर सोडावे, भोवती उतार ठेवावा. पक्के बांधकाम असल्यास महापालिकेच्या परवानगीची आधी चौकशी करावी.

पाया एकदा झाकला की दुरुस्ती महाग पडते. मृगाआधी घेतलेला हा खड्डा पुढच्या पेरणीचे बियाणे वाचवू शकतो.