मुंबई ते लंडन, आकाशवाटेने

३० मार्च १९२९ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून इंपीरियल एअरवेजचं विमान हिंदुस्थानचं टपाल घेऊन निघालं. मुक्काम होता कराची. मात्र फ्रान्सकडून येणाऱ्या विमानाला इटलीत शिरायची परवानगी नव्हती, म्हणून स्वित्झर्लंडमधल्या बासेलला सगळ्यांना खाली उतरवून जिनोव्हापर्यंत आगगाडीत बसवत. तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडायचा, मग बगदाद, बसरा करत इराणच्या किनाऱ्याने पुढे यायचं. कराची गाठायला आठवडा लागे.

मुंबई अजून बाकीच होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एक छोटं पस मॉथ विमान स्वतः चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि लंडनचं टपाल हवाई मार्गाने मुंबईत येऊ लागलं.

त्याच वर्षी इराणने आपला किनारा बंद केला. इंपीरियल एअरवेजला आखाताच्या पलीकडच्या, अरबी काठाने जावं लागलं. प्रवाशांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी शारजाच्या वाळवंटात एक छोटा किल्लाच बांधावा लागला. तो आजही उभा आहे आणि त्यात विमानांचं संग्रहालय आहे. हवाई प्रवासाचा वेळ म्हटलं की आपण विमानाचा वेग मोजतो. या मार्गाचा इतिहास मात्र थांब्यांचा आणि परवानग्यांचा आहे.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून उडालं. आत ३५ प्रवासी होते, त्यांत स्वतः जे. आर. डी. आणि नवानगरचे जामसाहेब. कैरो आणि जिनेव्हा असे थांबे घेत ते १० जूनला लंडनला पोचलं. ज्या प्रवासाला बोटीने पंधरवडा उलटून जाई, तो दोन दिवसांच्या आत आला. नव्या देशाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. त्या वाटेची किंमतही मोजावी लागली: ३ नोव्हेंबर १९५० रोजी कैरोहून जिनेव्हाला उतरायला निघालेलं हेच विमान आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर आदळलं. विमानातले सर्व ४८ जण गेले.

१९६० साली बोइंग ७०७ आलं आणि तासांचा हिशेबच बदलला. पुढे जास्त इंधन वाहणारी विमानं आली तसे मधले थांबेही गळाले. आज सुमारे ७,२०० किलोमीटरचं हे अंतर एका दमात, नऊ-दहा तासांत कापलं जातं. परत येताना उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात, त्यामुळे वेळ थोडा कमी लागतो.

परवानगीचा प्रश्न मात्र संपलेला नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैपर्यंत. दिल्लीहून युरोपकडे जाणारी विमानं आधी दक्षिणेला, अरबी समुद्रावर वळवावी लागली. एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांसाठी ती वाट पुन्हा बंद झाली आणि एअर इंडियाच्या दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.