क्षितिजापलीकडचा फोन

अतिलघु लहरी सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाशी संपतात, असं १९३० च्या आसपास बहुतेक रेडिओ इंजिनिअर धरून चालत. रेडिओचा प्रणेता मार्कोनी याने ते स्वतः तपासून पाहायचं ठरवलं. १९३२ साली त्याने रोमजवळच्या रोक्का दी पापा या डोंगरगावी ५७ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचा प्रक्षेपक लावला आणि आपली ‘एलेत्रा’ ही नौका समुद्रात दूरवर नेली. क्षितिज ओलांडलं तरी संदेश येत राहिले. पुढे सार्डिनियातल्या कापो फिगारी इथे, सुमारे २७० किलोमीटरवर, तेच संदेश मिळाले. हिशेबाने तिथे काहीच पोहोचायला नको होतं. मार्कोनीने हे जाहीरही केलं, पण वीसेक वर्षं त्याचं फारसं कुणी काही केलं नाही.

मग हीच गोष्ट उपद्रव होऊन समोर आली. अमेरिकेत टीव्ही केंद्रं वाढली तशी दूरदूरची केंद्रं एकमेकांच्या कार्यक्रमात घुसू लागली. १९४८ मध्ये सरकारने नव्या केंद्रांचे परवाने थांबवले, ते १९५२ पर्यंत. त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

१९५० मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या हेन्री बुकर आणि विल्यम गॉर्डन यांनी खुलासा मांडला. तपांबरातली, म्हणजे वातावरणाच्या जमिनीलगतच्या थरातली, हवा एकसारखी नसते. उष्णता आणि ओलावा यांचे लहानमोठे भोवरे तिच्यात सतत फिरत असतात आणि लहरींचा अगदी थोडा भाग त्यांच्यामुळे विखुरतो. धुक्याच्या रात्री घाटात वळणाआडून येणारी गाडी दिसण्याआधी तिच्या दिव्यांचा उजेड दिसतो, तसंच हे. दोन्हीकडचे ॲन्टेना क्षितिजाच्या जरा वर रोखायचे. त्यांचे झोत उंचावर जिथे एकमेकांना छेदतात, तिथून विखुरलेला अंश टिपायचा. याला ट्रोपोस्कॅटर म्हणतात.

हा अंश सोडलेल्या शक्तीच्या अब्जांशाहूनही कमी. म्हणून सगळं अवाढव्य लागतं. अलास्कातल्या ‘व्हाइट ॲलिस’ या जाळ्यात ते पाहायला मिळे. तिथल्या टेहळणी रडारांना फोन हवा होता, पण रस्ते नव्हते आणि दर पन्नासेक किलोमीटरवर मनोरा उभारणं अशक्य होतं. मग डोंगरांवर १८ मीटर उंचीचे, जाहिरातफलकासारखे उभे ॲन्टेना बसले. प्रक्षेपक १० किलोवॅटचे, वीज डिझेलवर. हवा हलली की आवाज बुडे. त्यावर उपाय म्हणून दोन ॲन्टेना आणि दोन वारंवारता एकाच वेळी चालवत. एक वाट मंदावली की दुसरी सहसा शाबूत असे. १९५८ मध्ये जाळ्याचं रीतसर उद्घाटन झालं. या तंत्रातली खरी कारागिरी मला या दुहेरी बंदोबस्तात दिसते. हवेच्या लहरीपणावर ताबा मिळवायचा हट्ट तिथे कुणी धरला नाही. तो लहरीपणा गृहीत धरूनच रचना केली.

उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींचे फोन १९७० च्या दशकात याच मार्गाने स्कॉटलंडला जोडले गेले. पुढे श्रीनगर आणि ताजिकिस्तान यांच्यात हिंदुकुश-पामीरच्या डोंगरांवरून सुमारे ७०० किलोमीटरचा असाच दुवा उभा राहिला. पण तोवर उपग्रह आले होते. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात आर्वीचं उपग्रह भूकेंद्र १९७१ पासूनच काम करत होतं. एवढे ॲन्टेना आणि एवढं डिझेल मग कुणाला परवडणार? व्हाइट ॲलिसची केंद्रं एकेक करून बंद पडली.

तंत्र मात्र मेलं नाही. उपग्रहाचा संदेश शत्रू दाबून टाकू शकतो, हे सैन्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे गाडीवरून नेता येणारे ट्रोपोस्कॅटर संच आजही बनतात, आणि सैन्यं ते विकत घेतात.