तात्या विंचू उसना, लक्ष्या मात्र आपला

'झपाटलेला' हॉलिवूडवरून उचललाय, असं कुणी म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, चोरी ती चोरीच. दुसरा चिडतो, आमच्या लक्ष्याबद्दल बोलायचं काम नाही. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे.

आधी उसनवारीचा हिशेब करून टाकू. १९८८ साली अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' आला. पोलिसांच्या गोळीने मरायला टेकलेला गुन्हेगार मंत्र म्हणून आपला आत्मा बाहुल्यात घालतो. पुन्हा माणूस व्हायचं तर ज्याला पहिल्यांदा हे गुपित सांगितलं, त्याच्याच शरीरात त्याला शिरावं लागणार असतं. १९९३ साली महेश कोठारेंनी 'झपाटलेला' आणला, त्यात हा सांगाडा जवळपास तसाच आहे. चकीचा तात्या विंचू झाला. उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

पण एक बदल असा आहे की त्याने सगळं चित्रच फिरलं. तिकडे बाहुला ज्याच्या मागे लागतो तो सहा वर्षांचा पोरगा. इकडे त्या पोराच्या जागी लग्नाच्या वयाचा, आईच्या पदराआड राहणारा लक्ष्या. त्यात गडी बोलक्या बाहुल्यांच्या नादी लागलेला आणि आडनाव बोलके! 'अहो, बाहुला बोलतो' म्हणून त्याने कितीही बोंब मारली, तरी गाव म्हणणार, बाबा रे, तूच बोलतोस.

लहान मूल घाबरलं की आपण घाबरतो. मोठा माणूस मुलासारखा घाबरला की हसू येतं. लक्ष्मीकांत बेर्डेंनी या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर सांभाळल्या. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण बाहुल्याचा चेहरा हलून हलून हलणार किती? तात्या विंचू जिवंत वाटतो, कारण समोर उभा असलेला लक्ष्या त्याला जिवंत मानतो. त्याचे डोळे विस्फारतात, आवाज घशात अडकतो, पाय लटपटतात आणि मग आपला विश्वास बसतो.

हे काही एका रात्रीत आलेलं नव्हतं. 'टुरटुर'सारख्या नाटकातून नाव झालेला हा नट. १९८५ च्या 'धूमधडाका'पासून तो कोठारेंच्या सिनेमात होता. १९९० च्या 'धडाकेबाज'मध्ये तर त्याने बाटलीतला चिमुकला गंगाराम उभा केला होता. समोर नसलेल्या किंवा निर्जीव गोष्टीशी बोलायचा सराव तिथेच झाला असणार.

आता कुणी म्हणेल, गोष्टच भारी होती, कुणीही चालला असता. त्याचंही उत्तर इतिहासात आहे. १९९६ साली याच गोष्टीवर हिंदीत 'पापी गुडिया' आला. करिश्मा कपूर नायिका, शक्ती कपूर खलनायक. आज तो किती जणांना आठवतो? आणि २०१३ साली 'झपाटलेला २' आला, तोही थ्रीडीत. दिग्दर्शक तेच, तात्या विंचू तोच, तंत्र कितीतरी पुढचं. पण लक्ष्या नव्हता. १६ डिसेंबर २००४ ला, वयाच्या पन्नाशीतच तो गेला. आजही चौकात, लग्नाच्या पंगतीत नक्कल होते ती पहिल्याच 'झपाटलेला'ची.

आपण नाशिककरांना तरी हे नवीन वाटू नये. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली नाशिकच्या आपल्या कंपनीतून 'कालिया मर्दन' काढला. गोष्ट घरोघरी पाठ असलेली, नवीन काहीच नाही. मग फाळक्यांनी काय केलं? कृष्ण झालेल्या आपल्या लहानग्या मुलीचे, मंदाकिनीचे हावभाव सिनेमाच्या सुरुवातीलाच वेगळे काढून दाखवले. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, आता या पोरीचा चेहरा बघा, असंच जणू ते सांगत होते. गोष्ट जुनी असली तरी नट ती नवी करतो, हे आपल्याच गावात शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

मग खंत कशाची? विनोदी नटाच्या कामाला आपण 'काम' मानत नाही, याची. लक्ष्याच्या अभिनयाबद्दल गंभीरपणे बोलायचं झालं की लोक १९९२ च्या 'एक होता विदूषक'चंच नाव घेतात. तो सिनेमा मोठा आहे, वादच नाही. पण आमच्या पिढीला ज्याने दहा-बारा वर्षं पोट धरून हसवलं, त्याची हुशारी फक्त त्याच्या रडण्यातच शोधायची, हा कुठला न्याय?

हल्ली गेलेल्या नटांना कॉम्प्युटरने पडद्यावर परत आणायच्या गोष्टी चालतात. चेहरा येईल हो. पण बाहुल्याकडे वळून बघण्याआधी नेमकं किती थांबायचं, हे त्या मशीनला कोण शिकवणार?

पुढच्या वेळी टीव्हीवर 'झपाटलेला' लागला की पाच मिनिटं आवाज बंद करा. बाहुल्याकडे बघू नका, फक्त लक्ष्याकडे बघा. आणि काय दिसलं ते खाली नक्की लिहा.