निरोगी दिसणारं डुक्कर

आजचा विषय पोटाचा आहे, तेव्हा जेवता जेवता ऐकत असाल तर आधी ताट संपवून घ्या.

साल्मोनेला हे नाव तुमच्या कानावर येतच असतं. कधी कांदे परत मागवले जातात, कधी खरबुजं, कधी कोंबडी. पुष्कळांना वाटतं की याचा साल्मन माशाशी काहीतरी संबंध असावा. तो अजिबात नाही. हे एका अमेरिकन सरकारी अधिकाऱ्याचं आडनाव आहे आणि ते या जंतूला चिकटलं डुकरांमुळे.

एकोणिसाव्या शतकात इथल्या मिडवेस्टमध्ये डुकरांचे कळपच्या कळप मरत होते. रोगाला म्हणायचे हॉग कॉलरा. माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचं नातं नावापुरतंच. शेतकरी हवालदिल झाले, आणि १८८४ साली काँग्रेसने कृषी खात्यात ब्युरो ऑफ ॲनिमल इंडस्ट्री सुरू केला. प्रमुख झाले डॉ. डॅनियल साल्मन. पशुवैद्यकातली डॉक्टरेट अमेरिकेत सगळ्यात आधी मिळवलेले गृहस्थ, कॉर्नेलचे, १८७६ सालचे. त्यांच्या हाताखाली थिओबाल्ड स्मिथ नावाचा विशीतला तरुण डॉक्टर होता. जर्मन स्थलांतरितांचा मुलगा. सूक्ष्मदर्शकापाशी बसून खरं काम करायचा तो हाच.

१८८५ मध्ये आजारी डुकरांच्या शरीरात त्याला एक जंतू सापडला. हाच हॉग कॉलऱ्याचा जंतू, असं जाहीर झालं. वर नाव साहेबांचं. पुढे १९०० मध्ये लिन्यिएर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने जंतूंच्या या कुळाला साल्मनच्या नावावरून साल्मोनेला म्हटलं. आमच्या आयटीत रात्र जागून कोड लिहिणारा एक आणि स्लाइडवर नाव दुसऱ्याचं, हे तुम्ही पाहिलंच असेल. तरी स्मिथचं फार नुकसान झालं नाही. गुरांचा ज्वर गोचिडीमुळे पसरतो हे त्याने १८९३ मध्ये सिद्ध केलं आणि ते काम त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

गंमत पुढेच आहे. तो जंतू हॉग कॉलऱ्याचा नव्हताच. १९०३ च्या सुमारास त्याच ब्युरोतल्या मॅरियन डॉर्सेट आणि सहकाऱ्यांनी आजारी डुकराचं रक्त अतिशय बारीक गाळणीतून गाळलं. जंतू मागे राहिले, पण गाळलेल्या द्रवानेही डुकरं आजारी पडली. कारण होतं एक विषाणू. साल्मोनेला नुसता संधिसाधू होता, दुबळ्या झालेल्या जनावरात घुसणारा. सर्व्हर बंद पडल्यावर लॉगमध्ये जी पहिली एरर दिसेल तिलाच मूळ कारण मानायचं, तसा हा प्रकार.

पण चुकीच्या निदानातूनही मोठी गोष्ट निघाली. १८८६ मध्ये साल्मन आणि स्मिथ यांनी उष्णतेने मारलेले जंतू कबुतरांना टोचून दाखवले की मेलेल्या जंतूंनीही प्रतिकारशक्ती येते. हेच तत्त्व अकरा वर्षांनी आपल्या मुंबईत उपयोगी पडलं. मांडवीत प्लेग सुरू झाल्यावर भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या प्लेगच्या जंतूंची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. आपल्या पणजी-पणजोबांच्या दंडात गेलेली ती लस.

आता कत्तलखान्याकडे वळू. साल्मनच्या काळात युरोपातले देश, विशेषतः जर्मनी, अमेरिकन डुकराचं मांस घेईनात. कारण होतं त्यातला ट्रिकिना नावाचा कृमी. मग १८९१ पासून निर्यातीच्या मांसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाऊ लागले. शिकागोत हे काम मुख्यतः स्त्रिया करत. म्हणजे जर्मन गिऱ्हाइकाच्या मांसाला सूक्ष्मदर्शक आणि इथल्या गिऱ्हाइकाच्या मांसाला नाही! १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेरच्या 'द जंगल' कादंबरीने खळबळ उडाली आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा आला. त्या कायद्याने प्रत्येक जनावरापाशी सरकारी निरीक्षक उभा केला. तपासणी डोळ्यांनी, हाताने, नाकाने. गळू, गाठी, क्षय झालेली जनावरं त्यातून बाहेर काढली गेली, आणि त्या काळासाठी ते फार मोठं काम होतं.

साल्मोनेला मात्र त्या तपासणीत सापडत नाही. हॉग कॉलरा या देशातून १९७८ मध्ये संपल्याचं जाहीर झालं, पण त्याच्या नावाखाली सापडलेलं जंतूंचं कुळ डुकरांत राहिलंच. माणसाला आजारी पाडणारे त्यातले बहुतेक प्रकार डुकराला फारसा त्रास देत नाहीत. डुक्कर खातं-पितं, वजन वाढवतं, आणि जंतू त्याच्या आतड्यात, टॉन्सिलमध्ये, लसिका गाठींमध्ये बसून असतो. ट्रकच्या प्रवासात जनावर घाबरलं की तो विष्ठेतून जास्त बाहेर पडतो. कत्तलखान्याच्या आवारात दोन-तीन तास थांबलेल्या निरोगी डुकरांनाही तो लागतो, हे आयोवातल्या संशोधकांनी वीसेक वर्षांपूर्वी दाखवलं. आणि निरीक्षक ज्या गाठी सुरीने कापून बघायचा, ती सुरीच जंतू एका धडावरून दुसऱ्यावर नेत होती. युरोपने २०१४ मध्ये डुकरांच्या नेहमीच्या तपासणीतून हे कापणं आणि चाचपणं काढून टाकलं, ते याच कारणासाठी.

मग कायदा काय म्हणतो? १९७१ च्या सुमारास इथल्या सार्वजनिक आरोग्य संघटनेने कृषी खात्यावर दावा लावला. मागणी साधी होती: मांसावरच्या शिक्क्याने लोकांची दिशाभूल होते, तेव्हा कच्च्या मांसात साल्मोनेला असू शकतो अशी सूचना छापा. १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने ती फेटाळली. अमेरिकन गृहिणी काही अडाणी नाहीत, त्या नीट शिजवतात, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला कौतुक वाटतं. माझ्या मते ती जबाबदारी ढकलणं होती. कारखान्याने करायचं काम ओट्यावर आलं. हाताळणीची सूचना पाकिटावर आली ती १९९४ मध्ये, जॅक इन द बॉक्सच्या हॅम्बर्गरमधल्या ई. कोलायने चार मुलं गेल्यानंतर. कत्तलखान्यात धडांवर साल्मोनेलाची चाचणी १९९६ च्या नियमाने सुरू झाली. पण कच्च्या पोर्कमध्ये साल्मोनेला सापडला तरी तेवढ्याने तो माल बेकायदेशीर ठरत नाही.

डेन्मार्कने उलट केलं. १९९० च्या दशकात तिथे डुकराच्या मांसातून मोठी साथ आली आणि त्यांनी तपासणी थेट गोठ्यापर्यंत नेली. फार्मचे तीन स्तर पाडले, सगळ्यात वाईट स्तरातली डुकरं वेगळी कापली, आणि मालकाला पैसे कमी दिले. एमबीएच्या वर्गात इन्सेंटिव्ह शिकवायचं तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. इथे मात्र मांस तपासणाऱ्या खात्याचा अधिकार कत्तलखान्याच्या फाटकाशी सुरू होतो. फार्ममध्ये त्यांना जाता येत नाही.

त्याचा अर्थ २०१५ च्या उन्हाळ्यात कळला. वॉशिंग्टन राज्यात पिग रोस्टच्या पार्ट्यांमधून लोक आजारी पडू लागले. पाच राज्यांत १९२ रुग्ण, त्यातले ३० जण इस्पितळात. सुदैवाने कोणी दगावलं नाही. माग निघाला ग्रॅहम गावच्या कपाउसिन मीट्स या कत्तलखान्यापर्यंत, आणि सुमारे सव्वापाच लाख पौंड मांस परत मागवलं गेलं. त्या जंतूवर चार जुनी अँटिबायोटिक्स चालत नव्हती. फार्मवर वजन वाढवण्यासाठी महत्त्वाची अँटिबायोटिक्स देणं इथे बंद झालं ते २०१७ मध्ये.

तुमच्यातले कित्येक जण म्हणतील, आम्ही पोर्क खातच नाही. पण मुलं शेजारच्या कुकआउटला जातात, आणि ज्या चिमट्याने कच्चं मांस उलटलं त्याच चिमट्याने व्हेजी बर्गरही उचलला जातो. तो चिमटा वेगळा आहे का, हे यजमानाला हसत विचारा. इथे कोणी वाईट मानत नाही. वसईकर आणि गोव्याकडच्या घरांना वेगळं सांगायला नको: सोरपोतेलचं मांस आधी उकडून, मग बारीक चिरून, परतून पुन्हा शिजतं, तिथे जंतूला जागा नाही. धोका ग्रिलवरच्या गुलाबी तुकड्यात आहे. अखंड तुकडा आतून १४५ अंश फॅरनहाइट आणि नंतर तीन मिनिटं तसाच ठेवलेला. खिमा किंवा सॉसेज असेल तर १६०. रंग बघून ठरवू नका, पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या.

आणि एक सवय मात्र सोडावी लागेल. मटण-मच्छी आणली की नळाखाली खळखळून धुवायची, असं आपल्याकडे प्रत्येक आजीने शिकवलं आहे. कच्चं मांस सिंकमध्ये धुतलं की त्याचे शिंतोडे शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीपर्यंत जातात. आई भारतातून आली असेल तर हे तिला कसं सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. कोथिंबीर तेवढी आधी उचलून ठेवा.