दोन सेनापती, एक धनी

१६८९ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला. राजधानी गेली, खजिना रिता झाला, नवे छत्रपती राजाराम महाराज वेष पालटून कानडी मुलखातून थेट जिंजीला पोचले. अशा राज्याने बादशहाला दाद द्यायची नाही असे ठरवले, आणि ते निभावलेही. संताजी-धनाजींची नावे आपण लहानपणापासून एका दमात घेतो. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात ही जोडी दिसे, ही गोष्ट मुलांना फार आवडते. पाठ्यपुस्तक बहुधा तिथेच थांबते. या दोघांनी पुढे एकमेकांवर तलवार उपसली, हे मुलांना कुणी सांगत नाही. माझ्या मते शिकवण्यासारखा भाग तोच आहे.

आरंभीची मांडणी पाहा. महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे. त्यांना ‘हुकमतपन्हा’ हा किताब, म्हणजे जिंजीला न विचारता निर्णय घेण्याची मुभा. त्यांच्या हाताखाली शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक. जिंजीत राजाराम महाराजांजवळ प्रल्हाद निराजी. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मैदानात. कोणाचे काम कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे बरेचसे स्पष्ट होते. डिसेंबर १६९२ मध्ये दोघे सरदार जिंजीच्या मदतीला धावले. संताजींनी अलीमर्दानखानाला धरले, धनाजींनी इस्माईलखान मका याला. वेढा घालून बसलेल्या झुल्फिकारखानाला वांदिवाशपर्यंत मागे हटावे लागले.

पण दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर होते. संताजींची शिस्त कडक. लहानशा कसुरीबद्दलही हत्तीच्या पायी देत, असे खाफीखान लिहितो. त्यांच्याशी गाठ पडलेला मोगल सरदार मारला तरी जाई, कैद तरी होई, असेही तोच शत्रुपक्षीय बखरकार लिहितो. धनाजी मनमिळाऊ, माणसे सांभाळून घेणारे. शाळेतसुद्धा असे दोन शिक्षक असतात. एकाचा निकाल उत्तम लागतो, दुसऱ्याभोवती मुले जमतात. शाळेला दोघे हवे असतात, पण दोघांचा मान एकाच तराजूत घालू गेले की तंटा सुरू होतो.

१६९३ साली संताजी महाराजांशी बिनसून जिंजीहून परत फिरले. तेव्हा समजूत घालायला रामचंद्रपंत होते. पुढे प्रल्हाद निराजी वारले आणि जिंजीच्या दरबारात वडिलकीच्या नात्याने चार शब्द ऐकवणारा राहिला नाही.

नोव्हेंबर १६९५ मध्ये आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या दोड्डेरीच्या गढीत संताजींनी कासिमखानाची फौज कोंडली. उपासमारीने सैन्य टेकीला आले, खान तिथेच मेला, उरलेल्यांनी खंडणी भरून जीव वाचवला. जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणजवळ हिंमतखान पडला. मराठ्यांच्या इतिहासात असे लागोपाठ विजय थोडे. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये वृद्धाचलमजवळ आयेवारकुटीला संताजींची लढाई झाली ती धनाजींशी! धनाजींच्या बाजूला खुद्द राजाराम महाराज होते. संताजी जिंकले. धनाजींकडील अमृतराव निंबाळकर हाती लागले, त्यांना हत्तीच्या पायी दिले. महाराजही हाती सापडले.

पुढचा प्रसंग भीमसेन सक्सेना या मोगलांच्या नोकरीतल्या लेखकाने नोंदवला आहे. विजयी सेनापती आपल्या धन्यासमोर हात जोडून उभा राहिला. मी पूर्वीचाच चाकर आहे, माझी आगळीक झाली ती धनाजीला माझ्या बरोबरीला बसवू पाहिलेत म्हणून, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्याने महाराजांना सोडले.

इथे राजाराम महाराजांना निवाडा करता आला असता. दोघांना वेगवेगळे प्रांत नेमून देता आले असते, निदान रामचंद्रपंतांना मध्ये घालता आले असते. पण निवाडा करणारा स्वतःच एका बाजूने रणात उतरला होता. राजाराम महाराज मनाने मऊ, औदार्यात कमी नव्हते. मात्र औदार्याने मानाचे भांडण मिटत नाही. सेनापतिपद संताजींकडून निघून धनाजींकडे गेले. संताजींच्या कडकपणाला कंटाळलेली माणसे त्यांना सोडून चालली. जून १६९७ मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात म्हसवडच्या नागोजी मान्याने त्यांना गाठून मारले. नागोजीची बायको अमृतरावांची बहीण होती, असे सांगतात. संताजींचे शिर बादशहाकडे गेले. निपाणीपासून जवळच असलेल्या कापशीला लोक अजून ‘सेनापती कापशी’च म्हणतात.

संताजी गेल्यावर वर्षाच्या आतच, १६९८ च्या आरंभी जिंजी पडली. राजाराम महाराज निसटले, त्याची हकिकत बखरींत आहे. मोगलांच्या छावणीतले गणोजी शिर्के मदत करायला तयार होते, पण मोबदल्यात त्यांना दाभोळचे वतन हवे होते. ते वतन खंडो बल्लाळ चिटणिसांचे. याच खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी १६८१ साली संभाजी महाराजांच्या हुकमाने हत्तीच्या पायी गेले होते. रुसून बसायला त्यांच्याइतके कारण दुसऱ्या कोणाकडे नव्हते. त्यांनी वतन शिर्क्यांना लिहून दिले आणि धन्याबरोबर महाराष्ट्राची वाट धरली.